रात्री बर्फ गोठला होता का?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसतील. म्हणतील, इथं विहिरी तळाला गेल्यात, पायाला चटके बसतायत, आणि ही बाई बर्फाचं काय घेऊन बसलीय? पण जरा आठवून बघा. आपल्या भागातून बर्फाकडे जाणारी माणसं काही थोडी नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी माणूस फौजेत. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचीनला बर्फाखाली दहा जवान गेले, त्यांतला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. बचत गटाच्या बायका वर्षभर पैसे बाजूला टाकतात आणि अक्षय्य तृतीयेनंतर चारधामला निघतात. आता तर कॉलेजच्या मुलीही मे महिन्यात हिमाचलात ट्रेकला जातात. म्हणजे बर्फ तिकडे असला तरी त्याची काळजी आपल्या घरात असते.

मागे एका आईनं रेडिओवर फोन करून विचारलं होतं. तिची मुलगी कुल्लूकडे सर पासच्या ट्रेकला गेली होती. ती म्हणाली, "ताई, तिथले लोक पोरांना रात्री अडीच-तीनला उठवतात आणि अंधारात बर्फावर चालवतात. एवढ्या थंडीत कशाला? सकाळी ऊन पडल्यावर, चहा-नाश्ता करून निघाले तर काय बिघडलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ज्याला नीट कळलं, त्याला उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ कसा ओळखायचा हे निम्मं कळलं. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत आम्हाला जे शिकवलं, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं आज सांगते.

आधी हे बघू, की डोंगरावरचा बर्फ म्हणजे असतो काय. आपल्याला वाटतं एकच पांढरा ढीग. तसं नसतं. कडब्याची गंजी कशी पेंढीवर पेंढी रचून उभी राहते, तसा हा थरावर थर असतो. नोव्हेंबरात पडला तो खाली, त्यावर डिसेंबरचा, त्यावर जानेवारीचा. काही थर घट्ट बसतात. काही थर रव्यासारखे दाणेदार राहतात, एकमेकांना धरतच नाहीत. असा सुटा थर खाली राहिला आणि वर जड थर बसला, की उतारावर वरचा सगळा थर एकदम घसरू शकतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. आपल्या भाषेत बर्फाची दरड.

कडाक्याच्या थंडीत हे थर निदान कोरडे असतात. मार्चनंतर ऊन चढायला लागलं की वरचा बर्फ वितळतो आणि त्याचं पाणी खाली झिरपतं. पावसाळ्यात दरड का कोसळते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, ते आपण विसरलेलो नाही. पाणी मुरलं की मातीचं वजन वाढतं आणि धरून ठेवणारी पकड सुटते. बर्फाचंही तसंच. दाण्याला दाणा चिकटलेला असतो तो सांधाच पाण्यानं विरघळतो. पाणी खाली झिरपत कडक थरापर्यंत किंवा जमिनीपर्यंत पोचलं, तर तिथं साठतं आणि वरचं ओझं सुटायला वाट मिळते.

माती आणि बर्फ यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे. मुरलेली माती एका रात्रीत घट्ट होत नाही. बर्फ होतो. दिवसा सुटलेले दाणे रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठतात, एकमेकांना घट्ट धरतात, आणि पहाटे तोच उतार फरशीसारखा कडक होतो. ऊन लागलं की पुन्हा सुटायला लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फाचा धोका घड्याळावर चालतो. पहाटे सर्वांत कमी, दुपारी सर्वांत जास्त. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मुलांना रात्री उठवतात ते त्यांचे हाल करायला नव्हे. सर पास साधारण 13,800 फुटांवर आहे. गोठलेल्या बर्फावरून तो ओलांडायचा आणि बर्फ सुटायच्या आत पलीकडे उतरायचं, एवढ्यासाठी ती धडपड असते.

पण घड्याळावर चालतो म्हणजे डोळे मिटून घड्याळ पाळायचं असं नाही. रात्री बर्फ खरंच गोठला का, हे रोज बघावं लागतं. सगळ्या रात्री सारख्या नसतात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत एखाद्या पहाटे दव गोठतं. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतात. वेधशाळेच्या तापमापकात तेव्हा पारा शून्याच्या बराच वर असतो. मग दव गोठलं कसं? आभाळ निरभ्र असेल तर पानं, जमीन, पत्रा आपली ऊब रात्रभर आभाळाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षाही जास्त गार होतात. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात, ऊब खालीच राहते. ढगाळ रात्री दव पडत नाही हे तुम्हाला शेतावरून ठाऊक आहे.

बर्फालाही हाच नियम. चांदणं स्वच्छ, वारा शांत, हवा कोरडी, तर बर्फ चांगला गोठणार, मग हवा थोडी उबदार असली तरी. रात्रभर ढग राहिले किंवा रिमझिम पाऊस झाला, तर सकाळी कितीही हुडहुडी भरो, बर्फ गोठलेला नसतो. आपल्या अंगाला थंडी वाजली म्हणजे बर्फ गोठला असं नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री गोठला नसेल, तर पाणी खोलवर गेलेलं असतं. मग तो उतार पहाटेसुद्धा भरवशाचा नसतो.

आणखी एक फसगत. एखाद्या सकाळी वर पापुद्रा कडक लागतो आणि खाली सगळं ओलं असतं. दुधावर साय धरली म्हणजे दूध घट्ट झालं असं आपण म्हणत नाही. तसंच हे. पापुद्रा दोन बोटांचा असेल तर ऊन लागल्यावर थोड्या वेळात तो जातो. चांगला वीतभर खोल गोठलेला असेल तर तास-दोन तास जास्त मिळतात. काठी टोचून बघितली की कळतं. टणक लागली आणि आत गेली नाही तर बरं. कट्‌ करून पापुद्रा फुटला आणि काठी सळकन आत गेली, तर ती साय आहे.

आता बर्फावर उभं राहिल्यावर काय काय बघायचं, ते एकेक सांगते.

पहिलं, पाय. बूट बर्फात जेमतेम खूण उमटवतोय तोवर ठीक. घोट्यापर्यंत जायला लागला, की वेळ संपत आली असं समजायचं आणि उभा उतार सोडायचा. नडगीपर्यंत, गुडघ्यापर्यंत रुतायला लागला, तर उशीर झालेला आहे.

दुसरं, मूठ. आपण पिठाचा अंदाज हातानंच घेतो, पाणी कमी पडलं की जास्त झालं ते मुठीत कळतं. बर्फही मुठीत घ्यायचा. भुरभुरीत राहिला, लाडू वळलाच नाही, तर कोरडा. लाडू वळला तर ओलसर. दाबल्यावर बोटांमधून पाणी निघालं, तर फार ओला. तशा बर्फाच्या उभ्या उताराखाली थांबायचं नाही.

तिसरं, वरचा उतार. खडकाजवळून, झाडाच्या बुंध्याजवळून बर्फाचे छोटे गोळे सुटून चाकासारखे गडगडत येताना दिसतात. बघायला गंमत वाटते, मुलं मोबाईलवर चित्रण करतात. पण हा उताराचा निरोप असतो, की आता मी सुटतोय. शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावरून बर्फ ताजा घसरलेला दिसला, तर याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

चौथं, आवाज आणि भेगा. चालताना पायाखाली एखादी पोकळी बसल्यासारखा धप्प आवाज आला, किंवा पावलापासून सरळ भेग पुढे पळाली, तर खालचा थर मोडलाय. तिथून हळूच मागे फिरायचं.

पाचवं, दिशा. सकाळचं ऊन पूर्वेकडच्या उताराला आधी लागतं, दुपारी दक्षिणेकडच्या, मग पश्चिमेकडच्या. उत्तरेकडचा सर्वांत शेवटी तापतो. म्हणून आठ वाजता एक बाजू सुटायला लागलेली असते आणि दुसरी अजून दगडासारखी असते. उन्हाळवाळवणाला कुठल्या अंगणात ऊन कधी येतं हे आपण बघतो, तेवढंच हे ज्ञान आहे.

सहावं, डोक्यावर काय आहे. वाऱ्यानं कड्याच्या टोकाला बर्फाचा छज्जा तयार होतो, खाली आधार नसलेला. उन्हात तो केव्हाही तुटतो. त्याच्या खालून जायचं नाही आणि वरून जाताना टोकाला जायचं नाही.

उतार किती उभा, हेही महत्त्वाचं. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. शाळेचा जिना डोळ्यांसमोर आणा. तेवढा किंवा त्याहून जरा उभा उतार, असं म्हणा. मात्र एक विसरू नका. तुम्ही सपाटीवर असलात तरी वरचा उतार उभा असेल, तर तो खाली तुमच्यापर्यंत येतो.

तिकडचे जाणकार खड्डा खणून थरही तपासतात. बर्फाचा एक हातभर रुंद खांब मोकळा करतात आणि वर फावडं ठेवून त्यावर टपल्या मारतात. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. कितव्या टपलीला खांब कुठल्या थरावर मोडला, यावरून अंदाज बांधतात. कोरड्या बर्फासाठी ही चाचणी चांगली. ओल्या बर्फात तिच्यावर फार विसंबता येत नाही, कारण सकाळी सातला केलेली चाचणी अकरा वाजता जुनी झालेली असते. पाणी तासातासाला आत जात असतं. म्हणून या दिवसांत एकदा तपासलं आणि झालं असं चालत नाही. चुलीवर दूध ठेवल्यावर जसं लक्ष ठेवतो, तसं ठेवावं लागतं.

आणि एक स्पष्ट करते. पहाट चांगली हा हिशेब ओल्या, उन्हानं सुटणाऱ्या बर्फाचा आहे. नवा बर्फ जोरात पडत असेल, नुकताच पडून गेला असेल, तर तो घड्याळ बघत नाही. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ कोसळला, तो पहाटेच. 54 जण अडकले, त्यातले आठ गेले. पोटासाठी तिथे राहिलेली माणसं होती ती. मार्च 1979 मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये असाच बर्फ कोसळत राहिला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. म्हणून हिमवर्षाव झाला की पुढचे एक-दोन दिवस उभ्या उतारांपासून लांबच राहायचं. त्या नव्या बर्फाला पहिल्यांदा कडक ऊन लागतं, ती वेळ तर खास जपायची.

आता चारधामला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी. केदारनाथ सुमारे 11,750 फुटांवर आहे. गौरीकुंडावरून वर जाताना काही ओढ्यांमध्ये हिवाळ्यात कोसळलेल्या बर्फाचे मोठे ढीग असतात. ते कापून वाट काढलेली असते आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात. तिकडचे लोक त्याला ग्लेशियर म्हणतात. 2023 च्या मेच्या सुरुवातीला अशाच ठिकाणी बर्फ पुन्हा वाटेवर आला आणि यात्रा थांबवावी लागली. आपल्या बायका नेमक्या तिथंच थांबतात. बर्फाला हात लावायचा, फोटो काढायचा, पाठ टेकून दम खायचा. मैत्रिणींनो, फोटो पुढे काढा. बर्फाच्या भिंतीखाली आणि ओढ्याच्या तोंडाशी थांबायचं नाही, बसायचं नाही. असा टप्पा सकाळीच ओलांडता येईल अशा बेतानं निघा. पोलिसांनी, आपत्ती दलाच्या जवानांनी थांबवलं तर थांबा.

चंदीगडला संरक्षण खात्याची एक संस्था आहे, ती काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. निघण्याआधी तुमच्या यात्रा कंपनीला विचारा, "आजचा रंग कोणता?" विचारायला लाजायचं नाही. पैसे आपण भरलेत.

4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर दुपारी बाराच्या सुमारास बर्फ कोसळला आणि सात पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता आणि माणसं पंधराव्या मैलाकडे गेली होती, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. दोन मैलांचा फरक. "एवढ्या लांब आलोय तर जरा पुढे जाऊ" हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो. देवाच्या दारात येऊन परत फिरायचं जिवावर येतं. गटातल्या वीस जणींपैकी एकीला भीती वाटत असते, पण ती बोलत नाही, कारण बाकीच्या हसतील. गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यावर आपण मोकळेपणानं बोलतो ना? तसंच निघण्याआधी ठरवून टाका, की आपल्यातली कुणीही एक जण "आता पुरे, मागे फिरू" म्हणाली तर तिला कुणी हसायचं नाही, आणि तिचं ऐकायचं.

बर्फाचा उतार ओलांडावाच लागला तर घोळक्यानं जाऊ नका. एकेकीनं जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून तिच्यावर नजर ठेवा. अंतर ठेवलं की उतारावर वजन कमी पडतं आणि काही झालंच तर वाचवायला माणसं उरतात. मोठ्यानं बोललं की बर्फ कोसळतो असं सिनेमात दाखवतात. तसं नसतं, माणसाच्या आवाजानं बर्फ सुटत नाही. माणसाच्या वजनानं मात्र तो सुटू शकतो. म्हणून धोका दिसला तर खुशाल ओरडा.

कुणी सापडलंच, तर ती शेवटची कुठे दिसली ती जागा डोळ्यांत धरून ठेवा आणि तिथून खाली शोधायला लागा. पहिली दहा-पंधरा मिनिटं लाखमोलाची. मदत यायला वेळ लागतो, जवळची माणसंच जीव वाचवतात. जी सापडली आहे तिनं बर्फ थांबायच्या आत तोंडासमोर हात धरून श्वासापुरती जागा करायची, कारण ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. मग बोटही हलत नाही.

शेवटी घरी राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. लेक ट्रेकवरून फोन करते तेव्हा आपण पहिल्यांदा विचारतो, "झालं का शिखर? फोटो पाठव." हे विचारणंही तिच्यावर ओझं टाकतं. मागे फिरली असेल तर तिला वाटतं, आता घरी काय सांगू. त्याऐवजी विचारा, "रात्री बर्फ गोठला होता का? उन्हं चढायच्या आत उतरलात ना?" आणि ती म्हणाली, "आई, ढग होते रात्रभर, म्हणून आमच्या गाईडनं आज वर नेलंच नाही," तर म्हणा, "बरं केलं. गाईड शहाणा आहे." नवरा, भाऊ, मुलगा फौजेत असेल तर त्याच्या कामात आपल्याला बोलता येत नाही. पण त्याची काळजी नेमकी कशाची करायची आणि कुठल्या बातमीनं घाबरायचं नाही, हे तरी आता कळेल.

पुढच्या बैठकीत यात्रेला जाणाऱ्या मैत्रिणींची नावं काढा आणि पाय, मूठ, गडगडणारे गोळे, धप्प आवाज, उन्हाची दिशा, डोक्यावरचा छज्जा या सहा खुणा त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या. डोंगर कुठे जात नाही, देवही कुठे जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं.